साठीत पुन्हा मोटारसायकल

‘या वयात मोटारसायकल?’ हा प्रश्न गेल्या काही महिन्यांत आम्हाला इतक्या जणांनी विचारला, की त्याचे उत्तर एकदाच सविस्तर लिहून टाकावे असे वाटले. विचारणाऱ्यांत शेजारी होते, जुने सोबती कामगार होते, लग्नाकार्यात भेटलेले पाहुणे होते. कोणी काळजीने विचारले, कोणी हसून. मात्र आमच्याच वयाच्या दोघा-तिघांनी आम्हाला बाजूला घेऊन हळूच विचारले, ‘कोणती घेतली? झेपते का?’ हा लेख खरे तर त्यांच्यासाठी आहे. आणि त्यांच्या घरच्या मंडळींसाठीही आहे, कारण या वयात गाडी एकट्या माणसाची नसते. ती साऱ्या घराची असते.

राजदूतचे दिवस

आम्ही वाळूजच्या औद्योगिक वसाहतीत एका छोट्या कारखान्यात लेथवर काम केले. आमच्या भागात मोटारसायकलींचा मोठा कारखाना १९८५ साली आला आणि त्याच्या आजूबाजूला सुटे भाग बनवणारी शेकडो वर्कशॉपे उभी राहिली. दिवसभर गाड्यांचे भाग घडवायचे आणि संध्याकाळी सायकलवर घरी जायचे, असा आमच्यापैकी बहुतेकांचा दिवस असे.

१९९० साली आम्ही जुनी राजदूत घेतली. १७३ सीसीची, टू-स्ट्रोक, तीन गिअरची गाडी. पंपावर पेट्रोल भरताना त्यात मापाने ऑईल टाकावे लागे. किक उलटी बसली तर पिंडरीला आठवडाभर सूज. पण गाडी इमानी. त्या राजदूतवर आम्ही पहिल्यांदा गावी गेलो तो दिवस विसरणे शक्य नाही. आमचे गाव पैठण तालुक्यात, घरापासून बेचाळीस किलोमीटरवर. याच गावच्या वेशीतून जाताना आमच्या आज्याला पायातली वहाण हातात घ्यावी लागे, हे वडिलांनी आम्हाला सांगितले होते. त्याच वेशीतून त्यांचा नातू धूर सोडत, फटफट आवाज करत, डबल सीट आत शिरला. पारावर बसलेल्या माणसांनी माना वळवल्या. कोणी काही बोलले नाही, पण वस्तीत पोचलो तेव्हा वडील दारात उभे होते आणि त्यांना बोलता येत नव्हते.

आमच्या आईला त्या गाडीचा आवाज ओढ्यापलीकडून कळत असे. आवाज आला की ती चहाचे आधण ठेवी. आम्ही गाडी उभी करून हातपाय धुवेपर्यंत कपबशी समोर असे.

२००७ साली मुलीला नर्सिंगला प्रवेश मिळाला. फी भरायची होती, वसतिगृहाचे पैसे भरायचे होते. जे विकण्याजोगे होते त्यात राजदूत होती. एका दूधवाल्याने ती साडेसहा हजारांना नेली. मुलगी आज परिचारिका आहे, स्वतःच्या पगारावर घर चालवते, म्हणून त्या व्यवहाराचे दुःख आम्ही कधी केले नाही. मात्र तेव्हा सुटलेली गाडी पुढची अठरा वर्षे सुटलेलीच राहिली.

त्या रात्री काय झाले

२०२३ मध्ये आम्ही निवृत्त झालो. आई आता चौऱ्याऐंशीची आहे. गाव सोडून यायला ती तयार नाही. ‘मला इथंच बरं वाटतं’ म्हणते. गावाला दिवसातून दोन एसटी आहेत, शेवटची संध्याकाळी सहाच्या सुमारास. २०२५ च्या पावसाळ्यात एका रात्री आई न्हाणीत घसरून पडली. शेजारच्या पोराने साडेनऊला फोन केला. आम्ही फाट्यावर जाऊन उभे राहिलो. एकही वाहन थांबेना. पहाटेच्या पहिल्या गाडीने निघून आठ वाजता पोचलो. नशीब म्हणायचे, हाड मोडले नव्हते. पण रात्रभर ती कण्हत पडलेली होती आणि तिचा मुलगा बेचाळीस किलोमीटरवर फाट्यावर उभा होता.

परत आल्यावर आम्ही घरात जाहीर केले की आता गाडी घ्यायची. आमच्या कारभारणीने शांतपणे ऐकून घेतले आणि एकच प्रश्न केला. ‘अहो, तुम्हाला रात्रीचं नीट दिसत नाही आणि गाडी रात्रीसाठी घेताय?’

आम्हाला राग आला. तो राग खरेपणाचा नव्हता, हे दोन दिवसांनी कळले. समोरून ट्रकचा उजेड आला की आमच्या डोळ्यांपुढे पांढरे होते, हे तिला माहीत होते आणि आम्हालाही माहीत होते. मुलगी सुट्टीवर आली तेव्हा ती आम्हाला धरून डोळ्यांच्या डॉक्टरांकडे घेऊन गेली. डाव्या डोळ्यात मोतीबिंदूची सुरुवात निघाली. डॉक्टर म्हणाले, दिवसा चष्मा लावून गाडी चालवायला हरकत नाही, रात्री चालवू नका.

म्हणजे ज्या रात्रीसाठी गाडी हवी होती, त्याच रात्री ती चालवायची नाही. मग गाडी घ्यायची कशाला? आम्ही तिघे त्या संध्याकाळी यावर बराच वेळ बोललो. शेवटी उत्तर असे निघाले की आईला खरी गरज एका रात्रीची नाही, रोजच्या आठवड्याची आहे. महिन्यातून एकदा एसटीने जाऊन दोन तासांत परत फिरण्यापेक्षा आठवड्यातून एकदा दिवसभर जाता आले, तर तिचा रक्तदाब तपासता येईल, गोळ्या संपल्या की नाही ते कळेल, न्हाणीत धरायला दांडी बसवता येईल. रात्रीसाठी १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका आहे आणि गावातल्या जीपवाल्याचा नंबर शेजाऱ्याकडे देऊन ठेवता येतो. ही दोन्ही कामे आम्ही गाडी घेण्याआधीच करून टाकली.

वाचक बंधुभगिनींनो, गाडी घेण्याआधी ‘कशासाठी’ याचे खरे उत्तर घरच्यांसमोर बसून काढा. तरुणपण आठवते म्हणून घ्यायची असेल तरी हरकत नाही, पण तसे स्वतःशी कबूल करा. कारण काम वेगळे असेल तर गाडीही वेगळी लागते.

हाताला आठवते, शरीराला नाही

आमचे लायसन्स १९९० चे. ते २०१० मध्येच संपले होते आणि गाडी नसल्याने आम्ही नूतनीकरण केले नव्हते. कायदा असा आहे की मुदत संपण्याआधी एक वर्ष आणि संपल्यानंतर एक वर्ष या काळात नूतनीकरणाचा अर्ज करता येतो. त्याहून उशीर झाला तर पुन्हा चाचणी द्यावी लागते. पंचावन्न वर्षे ओलांडलेल्यांना लायसन्स पाच-पाच वर्षांसाठीच मिळते आणि चाळिशीनंतर डॉक्टरांचा दाखला, म्हणजे नमुना १-अ, जोडावा लागतो. अनेक कष्टकऱ्यांच्या पाकिटात जुने, मुदत संपलेले लायसन्स वर्षानुवर्षे पडून असते. आजच काढून तारीख पाहा. लायसन्सशिवाय अपघात झाला तर दंडापुरते भागत नाही, विम्याच्या पैशांचाही घोटाळा होतो आणि घरचे उघड्यावर पडतात.

आम्ही आधी शिकाऊ लायसन्स काढले. भाच्याची शंभर सीसीची गाडी मागितली, तिला पुढे-मागे ‘एल’ ची पाटी लावली आणि पहाटे सहाला वसाहतीमागच्या मोकळ्या मैदानावर गेलो. मनात खात्री होती की एकदा आलेली विद्या जात नाही. आणि खरेच, क्लच कुठे धरतो ते हाताने दोन मिनिटांत ओळखले. गिअर पडले. वारा कानाला लागला आणि आम्ही स्वतःशीच हसलो.

त्याच फेरीत वळून थांबताना गाडी पडली. वेग काहीच नव्हता. थांबल्यावर पाय टेकायला अर्धा क्षण उशीर झाला, गाडी डावीकडे झुकली आणि आम्हाला ती आवरली नाही. गुडघा खरचटला, आरसा तुटला. भाचा धावत आला. त्याने आधी आम्हाला उचलले, मग गाडीला. तोवर आम्हाला वाटत होते की अठरा वर्षांत फक्त गाड्या बदलल्या. त्या सकाळी कळले की आम्ही बदललो आहोत.

काय बदलते ते सरळ सांगतो. मान पूर्वीइतकी मागे वळत नाही, म्हणून बाजूने येणारे वाहन दिसत नाही. दोन्ही आरसे हवेतच. गुडघा वाकायला वेळ घेतो, म्हणून सीटवरून पाय टाकणे आणि थांबल्यावर पाय टेकणे दोन्ही हळू होते. समोर काही आडवे आल्यावर हात ब्रेकवर जायला पूर्वीपेक्षा उशीर लागतो. ताशी ४० किलोमीटर वेगात गाडी एका सेकंदाला ११ मीटर जाते, ६० च्या वेगात जवळजवळ १७ मीटर. ब्रेक दाबण्याआधीच एवढे अंतर संपलेले असते. दाबल्यानंतर थांबायला लागणारे अंतर ६० ला ४० च्या दुपटीहून अधिक होते. त्यामुळे या वयात हळू चालवणे हा भित्रेपणा नव्हे, तो हिशेब आहे.

शिवाय औषधे. रक्तदाबाच्या, सर्दीच्या, झोपेच्या काही गोळ्यांनी गुंगी येते. मधुमेह असेल तर उपाशीपोटी गाडीवर बसू नये, साखर उतरली की डोळ्यांपुढे अंधारी येते. आपल्या गोळ्या डॉक्टरांना दाखवून ‘या घेऊन गाडी चालवू का?’ असे स्पष्ट विचारावे.

महिनाभर आम्ही रोज सकाळी अर्धा तास सराव केला. पहिला आठवडा फक्त हळू चालवण्याचा, कारण तेच सर्वांत अवघड असते. हाफ क्लचवर माणसाच्या चालीने गाडी नेणे, आठचा आकडा काढणे, ठरलेल्या दगडाशी थांबून डावा पाय टेकणे. दुसरा आठवडा ब्रेकचा. आमच्या पिढीला शिकवले होते की पुढच्या ब्रेकला हात लावायचा नाही, गाडी उलटते. हे चूक आहे. ब्रेक लागला की वजन पुढच्या चाकावर येते, म्हणून गाडी थांबवण्याचे मुख्य काम पुढचाच ब्रेक करतो. दोन्ही ब्रेक एकदम, पण झटका न देता वाढत्या दाबाने दाबायचे आणि हँडल सरळ ठेवायचे. वळणावर किंवा वाळूत मात्र पुढचा ब्रेक जोराने दाबू नये. हे मोकळ्या मैदानावर वीस-पंचवीस वेळा केल्यावरच हाताची जुनी सवय मोडते.

चाचणीच्या दिवशी आम्ही रांगेत सर्वांत वडील होतो. पुढे-मागे अठरा-एकोणीस वर्षांची मुले. एकाने विचारले, ‘काका, मुलाला सोडायला आलात का?’ आम्ही म्हणालो, ‘नाही बाबा, परीक्षेला बसलोय.’ आठचा आकडा पाय न टेकता निघाला तेव्हा त्याच पोरांनी टाळ्या वाजवल्या.

मनातली गाडी आणि अंगाची गाडी

आता निवडीबद्दल. तरुणपणी बुलेट घ्यायची राहून गेली होती, म्हणून आम्ही सर्वांत आधी तीच पाहायला गेलो. सीटवर बसल्यावर छाती दोन इंच फुगली. विक्रेता कर्जाचा कागद घेऊन तयार होता. कारभारीण म्हणाली, ‘ती मागं ढकलून दाखवा.’ शोरूमसमोरच्या उताराला गाडी उभी होती. साडेतीनशे सीसीची बुलेट भरते १९५ किलोच्या आसपास. आम्ही दोनदा जोर लावला आणि गाडी हलली नाही. आमच्या वस्तीच्या बोळातून ती रोज मागे घ्यायची होती. आम्ही विक्रेत्याला नमस्कार करून निघालो. जावा आणि येझदी ही आमच्या काळातली नावेही आता नव्या रूपात परत आली आहेत, जावा २०१८ मध्ये आणि येझदी २०२२ मध्ये. पण त्याही आमच्या बळाबाहेरच्या, पावणेदोनशे किलोच्या घरातल्या. नाव जुने असले तरी गाडी उचलायची आजच्या हातांनी.

त्यानंतर आम्ही प्रत्येक गाडीला चार कसोट्या लावल्या.

पहिली, पाय. सीटवर बसून दोन्ही पावले टाचांसकट जमिनीला टेकली पाहिजेत. नुसते चवडे टेकले तर खड्ड्यात किंवा उतारावर गाडी सांभाळत नाही. बहुतेक शंभर-सव्वाशे सीसीच्या गाड्यांची सीट ७८५ ते ८१० मिलिमीटर उंचीवर असते. एक इंचाचा फरकही मोठा असतो, म्हणून कागद न पाहता बसून पाहावे. नेहमीच्या चपला-बुटांवरच बसावे.

दुसरी, वजन. गाडी बंद करून दहा पावले मागे ढकलावी, मग मेन स्टँडवर लावावी. दम लागला तर ती गाडी आपली नाही. शंभर-सव्वाशे सीसीच्या गाड्या साधारण १०० ते १२० किलोच्या असतात.

तिसरी, मागची सीट. ज्या माणसाला मागे बसवायचे त्याला घेऊनच जावे. धरायला मागे कडी आहे का, पाय ठेवायला जागा नीट आहे का, साडीगार्ड मजबूत आहे का, हे त्यानेच पाहावे. मागच्या सीटवरच्या माणसाचे हाल विक्रेता सांगत नाही.

चौथी, रस्ता. स्कूटरचा विचार आम्ही गांभीर्याने केला होता. गिअर नाहीत, पाय वर टाकावा लागत नाही, गुडघ्याला सोपे. शहरातच फिरायचे असेल तर साठीतल्या माणसाने, आणि विशेषतः भगिनींनी, स्कूटरच आधी पाहावी असे आमचे मत आहे. पण तिची चाके लहान, दहा-बारा इंची. आमच्या गावचा शेवटचा तीन किलोमीटरचा रस्ता खड्ड्यांचा आणि काळ्या मातीचा. तिथे सतरा-अठरा इंची चाक खड्ड्यावरून निभावून नेते.

सीसीचे म्हणाल तर एकट्यासाठी शंभर सीसी पुरते आणि जपून चालवली तर लिटरला साठ किलोमीटरच्या वर जाते. आम्हाला दोघांना मोठ्या रस्त्याने जायचे होते. ट्रकच्या मागून पुढे निघताना अंगात थोडे बळ शिल्लक असावे म्हणून आम्ही सव्वाशे सीसीची, ११३ किलोची, पुढे डिस्क ब्रेक असलेली गाडी घेतली. कंपनीचे नाव मुद्दाम लिहीत नाही. तुमचे पाय आणि तुमचा रस्ता वेगळा आहे.

अठरा वर्षांत गाड्या किती बदलल्या

जुन्या चालकांना चकवणाऱ्या काही गोष्टी सांगतो. १ एप्रिल २०२० पासून बीएस-सहा नियम आले आणि बहुतेक गाड्यांतला जुना कार्ब्युरेटर गेला. त्यांत आता पेट्रोल इंजेक्शनने जाते. चोक नाही, पेट्रोलचा कॉक नाही आणि म्हणून रिझर्व्हही नाही. पेट्रोल संपत आले की दिवा लागतो किंवा काटा सांगतो, त्यावर लक्ष ठेवायचे. रस्त्याच्या कडेला जेट फुंकून गाडी चालू करण्याचे दिवस गेले. बॅटरी मात्र सांभाळावी लागते.

एप्रिल २०१७ पासून नव्या गाड्यांचा पुढचा दिवा दिवसाही चालूच राहतो. पहिल्या आठवड्यात समोरून येणारे लोक हाताने खूण करत, ‘दिवा चालू आहे’. आम्ही गाडी थांबवून बटण शोधत बसलो. बटण नसतेच. आता आम्ही नुसती मान हलवतो.

ब्रेकमध्येही मोठी सुधारणा झाली आहे. एप्रिल २०१९ पासून १२५ सीसीपर्यंतच्या नव्या गाड्यांना जोडब्रेक, म्हणजे सीबीएस, किंवा एबीएस असावेच लागते आणि त्याहून मोठ्या गाड्यांना एबीएस. सीबीएसमध्ये पायाचा ब्रेक दाबला की पुढचाही थोडा लागतो. एबीएसमध्ये जोरात ब्रेक दाबला तरी चाक जाम होऊन घसरत नाही. जुनी गाडी घेणाऱ्यांनी हे साल ध्यानात ठेवावे. शक्य असेल तर २०१९ नंतरचीच गाडी पाहावी.

पैशाचा हिशेब

जुनी गाडी स्वस्त, पण कागद तपासा. आर.सी. बुकावर कर्जाची नोंद असेल तर ती उतरवल्याखेरीज पैसे देऊ नका. नमुना २९ आणि ३० भरून गाडी आपल्या नावावर करून घ्या. ‘नंतर करू’ म्हणून पुष्कळांनी हात पोळून घेतले आहेत.

नवी घेणाऱ्यांना एक दिलासा आहे. २२ सप्टेंबर २०२५ पासून ३५० सीसीपर्यंतच्या दुचाकींवरचा जीएसटी २८ टक्क्यांवरून १८ टक्के झाला. आम्ही तोपर्यंत थांबलो होतो. ग्रॅच्युइटीतले काही आणि कारभारणीच्या बचत गटातले काही पैसे घालून रोखीने गाडी घेतली.

कर्ज घ्यावेच लागले तर एक प्रश्न अवश्य विचारा. व्याज ‘फ्लॅट’ आहे की घटत्या शिलकीवर? साठ हजारांचे कर्ज तीन वर्षांसाठी, दर दोन्हीकडे १० टक्केच सांगतात. फ्लॅटमध्ये पूर्ण साठ हजारांवर तीन वर्षे व्याज लागते, म्हणजे १८,००० रुपये, आणि हप्ता येतो २,१६७. घटत्या शिलकीवर हप्ता सुमारे १,९३६ आणि एकूण व्याज साधारण ९,७००. बोर्डावर आकडा एकच, पण घरातून आठ हजारांहून अधिक जास्त जातात. हिशेब घरच्या शिकलेल्या पोराकडून करून घ्या, लाजू नका.

नव्या दुचाकीला पाच वर्षांचा तिसऱ्या पक्षाचा विमा सक्तीचा आहे. त्याबरोबर चालक-मालकाचे १५ लाखांचे अपघात संरक्षण असते, ते सोडू नका. कष्टकऱ्याच्या घरी तेवढी दुसरी ठेव नसते.

दोन हेल्मेटे

कारभारणीच्या अटी तीन होत्या. अंधार पडण्याआधी घरी. वेग पन्नासच्या आत. आणि हेल्मेटे दोन. तिसऱ्या अटीवर आम्ही जरा कुरकुरलो, तेव्हा ती म्हणाली, ‘माझं डोकं काय भाड्याचं आहे?’

कायदाही तेच सांगतो. मागे बसणाऱ्यालाही हेल्मेट सक्तीचे आहे आणि १ जून २०२१ पासून आयएसआय खुणेशिवाय दुचाकीचे हेल्मेट विकायला बंदी आहे. रस्त्याच्या कडेला मिळणारी टोपी दंड चुकवते, डोके वाचवत नाही. हेल्मेट घट्ट बसले पाहिजे, पट्टा हनुवटीखाली आवळलेला पाहिजे. एकदा जोरात आपटलेले हेल्मेट पुन्हा वापरू नये. काच पांढरी घ्यावी, काळी नको. चौदा एप्रिलच्या रॅलीत आपली पोरे डोक्याला फक्त निळा फेटा बांधून तिघे-तिघे एका गाडीवर बसतात, तेव्हा आमच्या पोटात गोळा येतो. शिकलेल्या पोराचे डोके ही आपल्या समाजाची कमाई आहे. ते झाकायला लाज कसली?

कारभारणीने आणखी एक केले. छप्पन वर्षांची ही बाई इतकी वर्षे साडीत एका बाजूला पाय सोडून बसत आली. यावेळी तिने मुलीकडून पंजाबी ड्रेस मागवला आणि दोन्हीकडे पाय टाकून बसली. एका बाजूला बसलेल्या माणसामुळे गाडीचा तोल बिघडतो, पदर चाकात जातो, हे तिला मुलीने दवाखान्यातल्या उदाहरणांनी सांगितले होते. गल्लीतल्या बायका हसल्या. पुढच्या महिन्यात त्यांतल्या दोघींनी शिंप्याचा पत्ता विचारला.

आवाज नसलेली गाडी

आता दर रविवारी आम्ही उजाडल्यावर निघतो. बिडकीनला चहा घेतो, पाय मोकळे करतो. पूर्वी हे अंतर आम्ही तासाभरात तोडत असू, आता दीड तास लागतो. पावसात काळी माती चाकात आणि मडगार्डमध्ये भरून गाडी जाम होते, म्हणून त्या दिवशी एसटी. वाऱ्याचा जोर असला, अंग दुखत असले किंवा आदल्या रात्री झोप झाली नसली, तरीही एसटी. गाडी दारात आहे म्हणून चालवलीच पाहिजे असे नाही, हे शिकायला आम्हाला सर्वांत जास्त वेळ लागला.

पहिल्या रविवारी पोचलो तेव्हा आई ओट्यावर बसून तांदूळ निवडत होती. गाडी अगदी अंगणात येऊन थांबली तरी तिने मान वर केली नाही. आम्ही ‘आई’ म्हटल्यावर ती दचकली.

‘आलास व्हय रं? गाडीचा आवाजच न्हाई आला. च्या बी ठेवला न्हाई म्या.’

नवी गाडी कुजबुजल्यासारखी चालते. राजदूतचा फटफटाट तिच्या कानात अजून होता, ती त्याचीच वाट पाहत बसली होती. तिने उठून सीटवरून हात फिरवला, टाकीला हात लावला आणि विचारले, ‘पडत न्हाईस ना?’ आम्ही मैदानावरची गोष्ट तिला सांगितली नाही.

त्या दिवशी न्हाणीत दांडी बसवली, गोळ्यांचे डबे भरले, आणि चार वाजता निघालो, कारण अंधारापूर्वी घरी हा करार होता. तेव्हापासून आम्ही ओढा ओलांडला की हॉर्न दोनदा वाजवतो. दारात पोचेपर्यंत आधण उकळलेले असते.

तर ज्यांनी बाजूला घेऊन विचारले त्यांना आमचे उत्तर असे : होय, झेपते. डोळे तपासून घ्या, लायसन्स काढा, महिनाभर मैदानावर घाम गाळा, पाय टेकतील अशी हलकी गाडी घ्या आणि घरच्यांच्या अटी पाळा. मग जिथे तुमची वाट पाहणारे कोणी असेल, तिथे खुशाल जाऊन या.